खंडेनवमीला बंद झालेला पंप

न्यूट्रिनो हा शब्द आजही कुठं वाचला की माझं डोकं फिरतं. त्या कणाचा काही दोष नाही. दोष आमच्या मालकाचा, आणि त्याहून जास्त माझा.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी तपासणीचं काम बघायचो. मुंबईहून एक शास्त्रज्ञ लोखंडी नळ्यांची ऑर्डर द्यायला आले. नळीच्या मधोमध बारीक तार, आतली हवा पूर्ण काढायची, मग खास वायू भरायचा. दक्षिणेतल्या एका खाणीत, खोल जमिनीखाली त्या नळ्या रचून ते न्यूट्रिनो पकडणार होते. "हा कण अख्खी पृथ्वी पार करून जातो, कशालाच धडकत नाही. वर्षाकाठी चार-दोन सापडले तरी पुष्कळ," ते म्हणाले. मालकानं सगळं समजल्यासारखी मान डोलावली.

नळ्या जोडायला महाळुंग्याचा एक फिटर होता. रोज सायकलनं यायचा. तीन वर्षं टेंपररी होता. हे काम नीट पार पडलं तर दिवाळीला कायम करतो, असा मालकाचा शब्द होता. नळीत तेलाचा थेंब गेला तरी ती बाद, हे शास्त्रज्ञांचं बोलणं त्यानं मनावर घेतलं होतं. तारेला हात लावण्याआधी तो दोनदा साबणानं हात धुवायचा.

खंडेनवमीच्या दिवशी बारा नळ्या हवा काढायच्या पंपाला लावलेल्या होत्या. पूजेची तयारी झाली आणि मालक मेन स्विचकडं निघाला. फिटर म्हणाला, "मालक, जरा थांबा. आधी झडप लावतो, न्हाईतर पंपातलं त्येल उलटं नळ्यांत जाईल."

"आजच्या दिवशी आपल्याकडं एकही यंत्र चालत नाही. मुहूर्त टळतोय," म्हणत मालकानं खटका ओढला. फिटर धावला, पण तो झडपेशी पोचेपर्यंत तेल आत गेलं होतं. मी शेजारीच हळदकुंकवाचं तबक धरून उभा होतो.

शास्त्रज्ञांनी नळ्या पाहिल्या आणि लेखी कारण मागितलं. मालकानं मला केबिनमध्ये बोलावून इंग्रजीत मजकूर सांगितला: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे पंप बंद झाला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून तो टाइप केला. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं आहे ते. त्या काळात पिंपरी-भोसरीत मला दुसरी नोकरी आठवड्यात मिळाली असती. मला फक्त मालकासमोर वाईट व्हायचं नव्हतं. या भेकडपणाची मला अजून चीड येते.

खाली फिटरची सही हवी होती. कागद घेऊन मीच त्याच्याकडं गेलो.

"काय लिवलंय, साहेब?"

"पंप बंद झाला, एवढंच."

"व्हय, त्ये खरंच हाय," म्हणत त्यानं माझ्या पेनानं पूर्ण नाव लिहिलं.

दिवाळीच्या तोंडावर मालकानं त्याच कागदाची प्रत त्याच्यापुढं टाकून त्याला काढलं. सायकल घेऊन निघताना तो माझ्यापाशी थांबला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"साहेब," त्यानं विचारलं, "त्यात आनखी काय लिवलं हुतं?"