दांडा वजा

केळीच्या चिकाचा वास आला की मला सावद्याचा केळी तोलायचा काटा आठवतो. पाळी गेल्यावर सासूबाईंच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली होती. जळगावच्या डॉक्टरीणबाईंच्या हार्मोनच्या गोळ्यांनी झोप परत आली, पण भूक खवळली, पोटही सुटलं. "साठ किलोच्या वर गेलात तर गोळ्या बंद," बाईंनी बजावलं. गावात माणसं तोलायचा काटा कुठला? सासूबाई सरळ केळीच्या काट्यावर चढल्या. घडाच्या दांड्याचं वजन कापायची मापाड्याला सवय, तो ओरडला, "बासष्ट! दांड्याचे दोन वजा, साठ!" मी लबाड, डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या कागदावर आनंदानं साठ लिहू लागले. "मी काय केयाचा घड हाये?" त्या गरजल्या. "पुरं लिही! खोटं सांगून गोळी नाही खायाची मले." तोच कागद त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. "गोळी चालू राहू द्या. एक महिना द्या, भाकर मी कमी करते." महिनाभर त्यांनी मी वाढलेली दुसरी भाकरी ताटातून परत पाठवली, वजन साठाच्या आत आलं आणि गोळ्या चालू राहिल्या. आज मी त्याच वयाची आहे, आणि काट्यावर चढण्याआधी चष्मा काढून ठेवते.