पुढील चोवीस महिने

तो फॉर्म माझ्या हातात सोमवारी दुपारी पडला आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही करून द्यायचा होता. एकाच पानाचा. वर कंपनीचं नाव, खाली रिकाम्या जागा आणि मध्ये महत्त्वाचं एकच वाक्य: पुढील चोवीस महिन्यांत माझा गर्भधारणेचा विचार नाही, व तसा विचार झाल्यास मी तो तत्काळ लेखी कळवीन.

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काम करत होते. कारखान्यानं हार्मोनच्या गोळ्यांसाठी वेगळी इमारत बांधली होती. ती पावडर श्वासातून गेली तरी शरीरावर परिणाम करते, त्यामुळे गर्भवती बाईला, किंवा जिला मूल हवंय तिला, त्या इमारतीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पुरुषांवरही ती परिणाम करते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्याकडून फॉर्म घेत नसत. असं लिहून घेणं कायद्यात बसतं का, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून साहेबांनी माझं नाव पुढे केलं होतं. आमच्याकडे तोवर एकही बाई कुठल्या प्रयोगशाळेची प्रमुख झालेली नव्हती. मला ती जागा हवी होती, आणि हवी आहे असं म्हणायची लाज वाटत नव्हती.

अडचण तीन आठवड्यांपूर्वीची होती. लग्नाला सहा वर्षं झालेली. आधी घराचं ठरत नव्हतं, मग नवऱ्याच्या बदल्या संपत नव्हत्या. तो राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात इंजिनीयर. शेवटी आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तपासण्या करून आलो. माझा रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या होत्या, की अंडाशयातला साठा वयाच्या मानानं कमी आहे; घाबरायचं कारण नाही, पण थांबायचंही कारण नाही. परतताना होशंगाबाद रोडवर गाडीतच आम्ही ठरवलं, आता थांबायचं नाही. बाग सेवनियाचं वळण येईपर्यंत विषय संपलासुद्धा होता. आणि तीन आठवड्यांनी हा कागद.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "तुझं तू ठरव. मी दोन्हीला तयार आहे."

मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे. हे वाटणं मंगळवार संध्याकाळपर्यंत टिकलं.

मंगळवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई त्यासाठी नागपूरहून आठ दिवस आल्या होत्या. कॉलनीतल्या पंधरा-सोळा मराठी बायका जमल्या. मी साडेपाचला कंपनीच्या बसमधून उतरून थेट स्वयंपाकघरात शिरले. आंब्याची डाळ सासूबाईंनी केली होती, पन्हं गाळायचं बाकी होतं. पेले भरून ट्रे घेऊन दाराशी आले तर सासूबाई एका शेजारणीची भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरत होत्या आणि बोलत होत्या.

"पुढच्या चैत्रात या, तेव्हा पाळण्यातली गौर दाखवते. डॉक्टरकडे जाऊन आले दोघंही. आता नाही थांबत ते."

नवऱ्यानं रिपोर्टचं आईला सांगितलं होतं. फॉर्मचं सांगितलं नव्हतं. आणि ज्या बाईची ओटी भरली जात होती तिचा नवरा आमच्याच कारखान्यात खरेदी विभागात होता. माझ्याच बसनं जायचा, पुढून तिसऱ्या सीटवर.

ट्रे घेऊन मी बाहेर गेले. सगळ्यांना पन्हं दिलं. शेजारीण माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. आता हे किती तासांत पोचतं एवढंच मोजायचं होतं.

अठरा तास लागले. बुधवारी दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते दक्षिणेकडचे, हिंदी मोजून बोलायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य विचार करून ठेवल्यासारखं वाटायचं.

"सुना है आप फॅमिली प्लॅन कर रही हैं."

"किससे सुना, सर?"

"सुना." त्यांनी चष्मा पुसला. "अच्छी बात है. फॉर्म का क्या करेंगी?"

"शुक्रवार तक का समय है."

"समय है. दूसरा नाम भी तैयार है."

दुसरं नाव मला माहीत होतं. माझ्याच हाताखाली मशीन चालवायला शिकलेला मुलगा होता. चांगला होता. एवढंच, की त्याला असला फॉर्म भरावा लागणार नव्हता.

घरी येऊन मी चपला काढायच्या आधीच सासूबाईंवर घसरले. आपल्याकडे दिवस गेले तरी तीन महिने कुणाला सांगत नाहीत, आणि तुम्ही काहीच नसताना चारचौघींत जाहीर केलंत, म्हटलं.

"काहून वं, मी काय खोटं बोलली का?" त्या म्हणाल्या. "मले काय माहीत, तुमच्या फॅक्टरीत पोराचंही लेखी द्या लागते म्हणून."

मी त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"मग दे ना लिहून. लिहून दे, अन् तुमचं तुम्ही चालू ठेवा. कोन पाहाले येते?"

"आणि ती पावडर, आई? रोज आठ तास?"

त्यांनी उठून गॅसवर भात चढवला. माझी चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही ती अपेक्षा केली नव्हती. पण लिहून दे आणि चालू ठेव, हे त्या बोलून गेल्या तेव्हा मला एक गोष्ट समजली. दोन दिवस मीही मनातल्या मनात तेच करत होते. सही करू, मग बघू. बघू म्हणजे काय, ते ठरवत नव्हते.

गुरुवारी सकाळी बस यायला पंधरा मिनिटं होती. नवरा गॅलरीत चहा पीत होता. मी समोर बसले.

"तुला काय हवंय ते सांग."

"सांगितलं ना. तुझं तू ठरव."

"ते सांगणं नाही. ते अंग काढून घेणं आहे."

"अगं, पण नोकरी तुझी, शरीर तुझं. मी काय बोलणार?"

"आईला मात्र बोललास."

त्यानं कप खाली ठेवला. "मला दोन वर्षं थांबायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "एक दिवससुद्धा थांबायचं नाही. पण हे मी म्हटलं आणि तू जागा सोडलीस, तर साठाव्या वर्षीही तू मला ऐकवशील."

"ऐकवेन."

"बघ."

"तरी म्हणायला हवं होतंस. सोमवारीच."

चांगली पंधरा मिनिटं भांडण झालं. त्यात त्याच्या बदल्या निघाल्या, माझा पगार निघाला, त्याच्या बहिणीची दोन मुलं निघाली. सासूबाई आत होत्या, त्यांनी मिक्सर लावला तो बंदच केला नाही. बस चुकली. मी स्कूटर काढली आणि मंडीदीपपर्यंत चालवत गेले. ट्रकच्या मागे रखडताना रागानं का होईना, डोकं चालू लागलं.

पोचल्यावर आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. एक वर्ष थांबलं तर चालेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "चालेल असं मी म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही. पण एक वर्ष आणि दोन वर्षं यांत फरक आहे, एवढं नक्की."

मग मी नव्या इमारतीचं वेळापत्रक काढून बसले. मशीनं बसवणं, त्यांची खात्री करणं, तपासणीच्या पद्धती लिहिणं, माणसं शिकवणं. खरं कसबाचं काम तेवढंच होतं आणि ते अकरा महिन्यांत उरकत होतं. उरलेलं वर्ष, निर्यातीच्या मंजुरीसाठी परदेशी तपासनीस येईपर्यंत, बसलेली घडी सांभाळायची होती. चोवीस हा आकडा कामातून आला नव्हता. कुणाला तरी सोयीचा वाटला म्हणून छापला होता.

प्रयोगशाळेत एक नियम असतो. लिहिलेलं चुकलं तर ते खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख, कारण. अशी दुरुस्ती केली की ती कुणालाही फेकून देता येत नाही. मान्य करावी लागते, नाहीतर का नाही ते लिहून द्यावं लागतं. नऊ वर्षांत मी शेकडो वह्यांवर अशा रेघा मारल्या आणि तपासल्या होत्या.

शुक्रवारी अकरा वाजता मी फॉर्ममधल्या 'चोवीस' या शब्दावर रेघ मारली आणि वर 'बारा' लिहिलं. सही केली, तारीख घातली. कारण लिहिलं: विभाग उभारणीस लागणारा काळ, वेळापत्रक सोबत जोडलं आहे. जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी कागद उचलून उजेडाकडे धरला.

"ये छपा हुआ फॉर्म है. इसमें बदल नहीं होता."

"तो सर, आप लिखकर दे दीजिए कि नहीं होता. कारण के साथ."

त्यांनी जोडलेलं वेळापत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी उभीच होते. दुसरं नाव आत्ता बाहेर निघेल असं मला वाटत होतं. निघालं असतं तर मी घरी जाऊन काय म्हटलं असतं, हे मी ठरवून ठेवलं नव्हतं.

"बारा महीने के बाद क्या?" त्यांनी विचारलं.

"बाहर आ जाऊंगी. पुरानी लॅब में."

"और कुर्सी?"

"वो आप जिसको देंगे."

"लिखिए."

मी त्यांच्याच पेनानं खाली लिहिलं, की बारा महिन्यांनंतर प्रमुखपदावर माझा हक्क राहणार नाही. दुपारी तीनला कागद मान्य होऊन आला. सही करताना ते तारीख घालायला विसरले होते. मी परत पाठवला. त्यांनी तारीख घातली.

घरी जाऊन सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे एक वर्ष." मी हो म्हटलं. त्यानं आनंद दाखवला नाही आणि मला तो दाखवायला नकोच होता. सासूबाई रविवारी नागपूरला गेल्या. जाताना शेजारणीला भेटायला गेल्या नाहीत, एवढं केलं.

वर्षभर मी तो विभाग उभा केला. अकरा नाही, साडेअकरा महिने लागले. शेवटच्या आठवड्यात चाव्या त्या मुलाकडे दिल्या. दुसऱ्या वर्षी परदेशी तपासनीस आले आणि विभाग पास झाला. मिठाई वाटली गेली. मलाही दोन पेढे मिळाले. ते खाताना मला बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही.

मूल लगेच झालं नाही. दीड वर्ष गेलं, एकदा दोन महिन्यांवर पडलं, मग सुया आणि फेऱ्या. मुलगी झाली तेव्हा मला सदतीस पूर्ण झाली होती. आता ती नववीत आहे. ते वर्ष थांबलो नसतो तर सोपं गेलं असतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण प्रयोगशाळेत आम्हीही एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाही. दुसरा नमुना माझ्याकडे नव्हता.

प्रमुख मी पुढे पाच वर्षांनी झाले, जुन्याच प्रयोगशाळेची. हार्मोन विभागाचा फॉर्म अजून आहे. आता तो बारा महिन्यांचा छापतात. पुरुषांकडून अजूनही घेत नाहीत. त्याबद्दल मी गेल्या महिन्यात लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.