चौदाचं घर

मंडळी, वैशाखरे गावाजवळच्या आमच्या शाळेत आज घडलेली गोष्ट सांगते.

चौथीच्या मुलांसाठी मी पुठ्ठ्यावर एक पट आखला. त्यात एक ते छत्तीस अशी घरं. प्रत्येकाने पाच घरं निवडायची. दोन फासे टाकून आलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा. उत्तर ज्याचं घर असेल, त्याने तिथे चिंचोका ठेवायचा.

जया पाढे म्हणताना अडखळते. परवा तिची आई म्हणाली होती, "बाई, हिला गणित जमायचं नाय."

आज गणेशने चौदाचं घर धरलं. जया हसली.

"चौदा कधीच यायचे नाय रे."

"का नाय? साताच्या पाढ्यात हाय."

"मग फाशावर सात दाखव."

गणेशने फासा उलटसुलट करून पाहिला. मीही पाहिला. पट आखताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जयाने मनातल्या मनात चौदाला दोनने भागलं होतं.

संध्याकाळी जयाची आई तिला न्यायला आली. "पाढे म्हटलेस का गो?"

"नाय. पण बाईंच्या पटावर चौदा येत नाय, ते मीच शोधून काढलं."

मला तिचा फार अभिमान वाटतो आहे.

छत्तीसपैकी आणखी कोणती घरं रिकामी राहतील? सांगा. उत्तरं जया तपासणार आहे.