उखाभाऊजींचं कोरडं ताट

उखाभाऊजी माझे चुलत दीर. कडोदऱ्याच्या लूमखात्यात चौतीस वर्षं राबले. कोणत्या मशीनवर धागा तुटला ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. आता कोसाडमधल्या स्वतःच्या घराचा जिना सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर.

मुलगा भूपेंद्र हुशार, म्हणजे मोबाईलवर वाचतो. तपासणीच्या रिपोर्टात मेंदूतली चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनात दोष आहे, एवढं त्यानं वाचलं आणि त्याच दिवसापासून बापाचं तेल-तूप बंद केलं. डॉक्टरला विचारायला वेळ नव्हता. वसाहतीत सगळ्यांना समजावून सांगायला होता.

"काकू, चरबी पोटातच गेली नाही, तर डोक्यात चढेल कुठून?"

जन्मभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याचं तेल ओतून खाल्लेला माणूस. पुढ्यात उकडलेला दुधी आला की ताट सरकवायचे. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. त्यांची बायको उषाबाई माझ्यापाशी रडली, "ताई, रोग नेईल तेव्हा नेईल, त्याआधी हा पोऱ्याच नेईल यांना."

श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला तर हद्द झाली. प्रसादाच्या पुरणपोळीवरचं तूप भूपेंद्रनं रुमालानं टिपून काढलं. देवीसमोर! मी हात जोडले आणि त्याला म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे चल. मी येते सोबत."

डॉक्टरांनी आधी वजन केलं, मग भूपेंद्रकडे पाहिलं. "अहो, मेंदू त्याला लागणारी चरबी स्वतःच बनवतो. माल आहे, पण टेम्पोवाला नीट नाही. माल पोचत नाही, नको तिथे साठतो. आणि तुम्ही यांच्या घरचा किराणाच बंद केलात? यांना पोटभर जेवू घाला."

"पण दोष आला कुठून?"

"या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. यांच्यात दोन्ही सदोष, म्हणजे एक तुमच्यात असणारच. त्यानं धोका वाढतो, पण रोग होतोच असं नाही."

शेवटचं वाक्य भूपेंद्रच्या कानात शिरलंच नाही. त्या दिवसापासून बापाच्या ताटात तेल आलं आणि दुधी गेला भूपेंद्रच्या ताटात.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलास?" मी विचारलं.

"विसरलो म्हणू नका, काकू!" तो दचकला.

दोन महिन्यांत भाऊजी तीन किलो भरले. नावं काही परत आली नाहीत. परवा जेवताना त्यांनी भूपेंद्रला बराच वेळ निरखलं.

"तू कोना शे रे, भाऊ? भलता वाळी गया. जेवी ले."

आणि तेलात भिजलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. भूपेंद्रनं मान खाली घालून ती खाल्ली.