दाक्षायणीबाईंचा उरलेला एक दिवा

तर काल थांबलो होतो कात्रीपाशी. त्या वाटाण्याएवढ्या एलईडी दिव्याला दोन तारा असतात, बाई त्यांना पाय म्हणायच्या. बाईंच्या वर्गातल्या चन्नम्मानं लांब पाय कात्रीनं कापून दुसऱ्याएवढा केला, आणि दाक्षायणीबाई रागवायचं सोडून हसल्या!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. साल अठ्ठ्याहत्तर. शुक्रवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी शिपाई, शिकलेला चौथी, तेही गावाकडं. दाक्षायणीबाई विज्ञानाच्या. रोज होटगीहून रेल्वेनं यायच्या, पिशवीत भाकरीपेक्षा तारा जास्त. मुंबईहून त्यांनी असे तीन लाल दिवे मागवले होते. एक मीच जाळला, दोन सेलना थेट जोडून. मधे वीज आवरणारा रेझिस्टर लावायचा असतो हे मला काय ठाऊक! दुसरा मुलींनी जाळला, माझं बघून. उरला एक. हेडमास्तर म्हणाले, "शनिवारी माझ्यासमोर पेटला तर ठीक. नाहीतर प्रयोगाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं. फळ्यावर शिकवा."

आणि शनिवारीच ही कात्री! लांब पाय अधिक, आखूड पाय उणे, एवढीच खूण पोरींना ठाऊक. पण चन्नम्माच्या घरी माग. चादरीचा दोरा लोंबला की कापायचा, ही हाताची सवय.

"बाई, लई लोंबत होता की," ती रडवेली झाली.

"असू दे. आता तूच जोड."

हेडमास्तर खुर्ची ओढून बसले. दोन सेल, रेझिस्टर, दिवा. पेटला नाही. हेडमास्तरांनी किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला. किल्ली कुठल्या खिशात आहे हे माहीत असून मी सगळे खिसे चाचपत राहिलो.

"जळला का गं चन्नम्मा?" बाईंचा आवाज अगदी निवांत.

पोरगी जोडणीवर वाकली. म्हणाली, "न्हाय बाई, रेझिस्टर हाय की. उलटा लागलाय. ह्यातनं वीज एकाच बाजूनं जाती." तिनं पायांची अदलाबदल केली, आणि काय सांगू, लालभडक! चाळीस पोरी ओरडल्या, त्यात माझाही आवाज.

हेडमास्तरांनी हात मागं घेतला. तरी उठता उठता म्हणालेच, "बाई, हेच फळ्यावर काढून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बाई म्हणाल्या, "काढते की सर. पण फळ्यावरचा दिवा उलटा जोडला तरी पेटलेलाच दिसतो."