तिखटाचा फोड

उस्ताद दिवसातून सात-आठ वेळा लेथ बंद करायचे, एप्रनच्या खिशातून एक चपटी डबी काढायचे, चिमूटभर लाल तिखट जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. नवा माणूस ते बघून घाबरायचा. कपाळावर घाम, नाकाचा शेंडा लाल, डोळ्यांच्या कडांना पाणी. दोन-तीन मिनिटांनी ते चूळ भरत आणि मशीन पुन्हा सुरू करत. कुणी विचारलंच तर म्हणत, "तलफ म्हंजे बिनबुलाया पाहुणा. बसा म्हणू नका, पाणी विचारू नका. पाच मिनिटांत आपला आपण उठून जातो."

तिखटाचा हा उपाय त्यांना मी सांगितला होता. म्हणूनच त्यांच्यावर लिहायचं म्हणून कितीदा कागद पुढे घेतला आणि कितीदा बाजूला ठेवला.

वाळूजच्या एका लहान कारखान्यात मी डिप्लोमा करून तपासणीच्या टेबलावर लागले, तेव्हा उस्ताद तिथले सगळ्यात जुने टर्नर. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचे चार पीस नापास केले. सगळी शॉप, मशीनवरची सगळी माणसं, माझ्याकडे बघायला लागली. उस्ताद हातातलं काम ठेवून आले, मायक्रोमीटर पुसला, चारही पीस स्वतः मोजले आणि मोठ्यानं म्हणाले, "मॅडम बरोबर हायत. माणसाला खोटं बोलता येतं, लोखंडाला नाय." त्या दिवसापासून मला तिथं कुणी त्रास दिला नाही. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, एकटी असले की बेटा.

बीडी मात्र मला सहन व्हायची नाही. तीस-पस्तीस वर्षांची बीडी होती ती. त्यांच्या शर्टाला, रुमालाला, त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलेल्या ड्रॉइंगलासुद्धा तिचा वास असायचा. मी नाक मुरडलं की ते दोन पावलं मागं सरकून बोलायचे, पण बीडी सोडायचं नाव नाही. मग त्यांच्या मुलीला, शबानाला, मुलगी झाली. बाळंतपणाला ती माहेरीच होती. तिनं बापाला सरळ सांगितलं, "अब्बा, बीडीच्या तोंडानं हिची पप्पी घ्यायची नाय." दुसऱ्या दिवशी डबा खाताना उस्तादांनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. सांगता सांगता त्यांचा घास हातातच राहिला.

त्याच सुमाराला माझ्या फोनवर कुठूनतरी एक मजकूर आला होता. तलफ आली की जिभेवर चिमूटभर तिखट ठेवायचं. त्या जळजळीत लक्ष गुंतलं की बीडी आठवत नाही. मी तो गमतीनं वाचून दाखवला. उस्तादांनी तो गमतीत घेतला नाही. दुसऱ्या दिवशी डबी हजर. "सिल्लोडची मिरची हाय, भावाच्या शेतातली. घरी कांडलीय. आता बघू, ती मोठी का बीडी मोठी."

पहिले दिवस फार वाईट गेले. उस्तादांनी दोन टूल मोडले, ज्याच्या-त्याच्यावर ओरडले, एकदा तर ड्रॉइंगच उलटं धरून बसले. नवव्या दिवशी मला ते सायकल स्टँडच्या मागं दिसले. ओठांत बीडी होती, पेटवलेली नव्हती. मला बघताच त्यांनी ती शाळकरी पोरासारखी पाठीमागं लपवली. मग स्वतःच पुढं आणून चुरगाळली आणि दोन चिमटी तिखट एकदमच तोंडात टाकलं. असा ठसका लागला की खाली बसावं लागलं. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि ते खोकता खोकता म्हणत होते, "इतकी वर्षं आग छातीत घेतली, बेटा. आता जिभेवर घेऊ."

आणि बीडी सुटली. खरंच सुटली. दोन महिन्यांनी त्यांच्या शर्टाला नुसता ऑइलचा वास यायला लागला. त्यांनी शॉपमधल्या सहा जणांना घरचं तिखट भरून डब्या दिल्या. त्यातल्या दोघांचीही सुटली. कुणी भेटलं की माझ्याकडे बोट दाखवत, "हे मॅडमचं औषध हाय." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

दिवाळीनंतर कधीतरी उस्ताद भाकरी वरणात बुडवून, पार मऊ करून खायला लागले. मी विचारलं, तर गालाला बोट लावून म्हणाले, "आत सोललंय जरा. तिखटाचा फोड हाय."

"मग चार दिवस तिखट बंद ठेवा."

"अन् तलफ आली तर?"

मी म्हणाले, "तूप लावत जा रात्री." हे माझं दुसरं औषध. पुढचे कित्येक महिने मी त्यांना सकाळी आल्या आल्या विचारायचे, "तूप लावलं का?" आणि ते मान हलवायचे. माझं कामच मुळी दोष शोधायचं. केसाएवढा ओरखडा मी भिंग लावून शोधायचे. पण उस्ताद, एकदा तोंड उघडा बघू, असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही. निघालं असतं तर त्या फोडाला माझं औषध कारण ठरलं असतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती मला तेव्हाही आतून ठाऊक होती.

उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे खाला म्हणायचो. "बेटी, तोंड उघडतच नाय त्यांचं, दोन बोटं पण जात नायत आत. माझं ऐकत नाय. तुझं ऐकतेत. तू बोल."

मी बोलले नाही. अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि उस्तादांना स्कूटरवर मागं बसवून दातांच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर ते म्हणत होते, "कायकू एवढं? फोड तर हाय." डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं तोंडात दिवा धरला, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. फोडाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कागद घ्यायला मी एकटीच गेले. तिनं सगळं समजावून सांगितल्यावर मी विचारलं, "हे तिखटानं झालं का?"

"नाही. हे बीडीचं आहे," ती म्हणाली. "पण किती महिने झाले याला?"

मी दिवाळीपासून बोटांवर मोजले. कागद घडी करून तिनं माझ्या हातात दिला.

उस्तादांचा गाल आणि जबड्याचा एक भाग काढावा लागला. जिभेचाही थोडा. आठव्या दिवशी शबाना लेकीला घेऊन वॉर्डात आली. पोर तोवर चालायला लागली होती. आजोबांचं बांधलेलं, सुजलेलं तोंड बघून ती किंचाळली आणि आईच्या ओढणीत शिरली. उस्तादांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. शबाना तिला घेऊन बाहेर गेली, तरी ते तसेच होते. मग त्यांनी हातानं खूण करून वही मागितली आणि मराठीत लिहिलं, 'बीडीची आठवण येत नाही. बोलायची येते.' मी वाचलं आणि वही परत दिली.

वर्षभर ते होते. नळीनं दूध, मग पातळ खिमटी. तिखटाचा वाससुद्धा चालायचा नाही. खाला फोडणी करताना मधलं दार लावून घ्यायच्या. नात हळूहळू जवळ यायला लागली, त्यांच्या चांगल्या बाजूला बसायला लागली. मी रविवारी गारखेड्यातल्या माझ्या घरून शहागंजला त्यांच्याकडे जायचे. ते मला पाहून उठून बसायचे, मशीनचे हाल हातवारे करून विचारायचे. एकदाही, वहीतल्या एका शब्दानंही, त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पुन्हा गाठ आली, तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनला त्यांनीच नको म्हणून मान हलवली. पावसाळा सरता सरता गेले. मातीला सगळी शॉप गेली होती. त्या दोघांनी, ज्यांची बीडी सुटली होती, खांदा दिला.

आता शॉपमध्ये कुणी तिखटानं बीडी सोडतो म्हणाला, तर मी नको म्हणत नाही. आधी दारातल्या उजेडात उभं करून तोंड उघडायला लावते. पोरं हसतात, मला डॉक्टरीणबाई म्हणतात. गेल्या महिन्यात एकाच्या गालात पांढरा चट्टा दिसला, तर त्याचा हात धरून चालू शिफ्टमधून दवाखान्यात घेऊन गेले.

उस्तादांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले होते. जमलेल्या बायका निघून गेल्यावर स्वयंपाकघरात खालांपाशी बसले आणि जे वर्षभर बोलले नव्हते ते बोलून टाकलं. "खाला, ते तिखट मी सांगितलं होतं. मी नसतं सांगितलं, तर त्यांनी फोड लवकर दाखवला असता."

खाला चहा गाळत होत्या. हात थांबला नाही. "फोड पैलेसे होता, बेटी. तू सांगायच्या पैले. त्यांच्या मोठ्या भावाला असंच झालं होतं. ते कापणं, ते हाल, सगळं बघितलेलं त्यांनी. म्हणून डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. मिरचीचं निमित्त भेटलं, तर त्यांना बरंच वाटलं."

शबाना दारात उभी होती. ती आईकडं बघतच राहिली, जणू हे आज पहिल्यांदा ऐकत होती.

खालांनी कप माझ्या हातात दिला. माझ्याकडं पाहिलं नाही. निघताना खाला दारापर्यंत आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "येत जा." मी जाते, दर महिन्याला जाते. मी आणि खाला नातीच्या शाळेबद्दल बोलतो, नळाच्या पाण्याबद्दल बोलतो. फोड खरंच आधीचा होता, की मला बरं वाटावं म्हणून खाला तसं म्हणाल्या, हे मी अजून विचारलेलं नाही.