बहिणीचं ड्रॉइंग आणि माझी दुरुस्ती

चालत्या गाडीचं इंजिन काढायचं, तिच्यात भलत्याच गाडीचं इंजिन बसवायचं, मग ती मुद्दाम चिखलात नेऊन फसवायची आणि बाहेर ओढायला मित्रांच्या चार गाड्या बोलवायच्या, याला शौक म्हणतात हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरी गाडी फसली की शिव्या देतात. पण आता इकडे हिंदी मुलखात, सुपेल्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये निम्मं काम याच लोकांचं असतं, म्हणून त्यांना मी तोंडावर वेडे म्हणत नाही.

त्यातला पहिला वेडा दातांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप होती आणि तिचं इंजिन चढावर धापा टाकायचं. त्याने एका पलटी झालेल्या मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं आणि टेम्पोत घालून माझ्या दारात आणून टाकलं. अडचण नेहमीचीच होती. इंजिन एका कंपनीचं, जीपचा गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांची भोकं कुठेच जुळत नव्हती. अशा वेळी मधे एक जाड अॅल्युमिनियमची प्लेट बनवावी लागते. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. लग्न जमवणारे मध्यस्थ जे काम करतात तेच हे काम, फक्त इथे खोटं बोलून चालत नाही.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण सासर सोडून नागपूरहून आमच्याकडे परत आली होती. मीच गाडी घेऊन तिला आणायला गेलो होतो. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, लग्नाआधी दोन वर्षं एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम केलेलं. आता ती दिवसभर लॅपटॉप उघडून बसायची आणि त्यावर काही करायची नाही. घरातले सगळे तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. मी तेवढा मोठ्याने बोलायचो, कारण मला हळू बोलता येत नाही.

मी डॉक्टरला म्हटलं की मोजमाप माझी बहीण घेईल. त्याने होकार दिला आणि वर हेही सांगितलं की प्लेट नीट चालली तर त्याच्या टोळीत आणखी चार गाड्या रांगेत आहेत, त्यांचीही ड्रॉइंग तीच करेल. हे मी घरी सांगितलं त्या दिवशी बहिणीने जेवताना स्वतःहून दुसऱ्यांदा भाजी मागितली. ही कामं मिळाली असती तर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली असती आणि नागपूरहून येणारे समेटाचे फोन तिला उचलावे लागले नसते. हे आमच्या घरात कोणी बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं.

तिने तीन दिवस मोजलं. इंजिनाच्या पाठीला दोन पिना असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. प्लेट त्या पिनांवर बसते. बोल्ट नुसते आवळून धरतात, जागा मात्र पिना ठरवतात. तिच्या ड्रॉइंगमध्ये मध्यापासून डावी पिन एकशे एक्केचाळीस पॉइंट चार मिलिमीटरवर होती आणि उजवी एकशे चाळीस पॉइंट दोनवर. बाजूला तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: असमान आहे, तीनदा मोजलं.

आता इथे आमच्या घराण्याची खोड सांगावी लागेल. माझे बाबा पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमधून रिटायर झाले. तिथल्या जुन्या कारागिरांचा एकच धर्म होता: ड्रॉइंग दुरुस्त करायचं. ड्रॉइंग काढणारा पंख्याखाली बसलेला असतो, त्याला लोखंड काय कळणार, असं बाबा म्हणायचे. परदेशी इंजिनियरांनी काढलेल्या ड्रॉइंगांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. लाल पेन्सिल कानावर खोचूनच ते ड्यूटीवर जायचे. मी त्यांच्याकडून मशीन शिकलो तशी ही पेन्सिलही शिकलो. ड्रॉइंग जसंच्या तसं कापणारा माणूस आम्हाला कच्चा वाटायचा.

म्हणून ते दोन आकडे पाहिल्याबरोबर मी हसलो. मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखंच अंतर असणार, कोणती कंपनी इतकी बावळट असते? पोरीचा हात हलला असेल, असं मी ठरवून टाकलं. दोन्ही आकड्यांची बेरीज केली, निम्मे केले आणि लाल पेन्सिलीने दोन्हीकडे एकशे चाळीस पॉइंट आठ लिहिलं. तिला विचारलंही नाही. विचारायला घर फक्त पाच मिनिटांवर होतं.

यातली गंमत अशी की दोन्ही पिनांमधलं एकूण अंतर तेवढंच राहिलं, त्यामुळे प्लेट इंजिनावर टक्क करून बसली. मी डॉक्टरकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या. मग बोल्ट जाईनात. चार भोकं जरा सरकलेली निघाली. मी गोल कानस घेऊन ती मोठी केली आणि कानस चालवताना बहिणीच्या ड्रॉइंगला नावं ठेवत राहिलो. मग गिअरबॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. इथे शहाणा माणूस थांबतो. मी बोल्ट आवळून तो आत ओढून घेतला. धातू मला दोनदा सांगत होता आणि मी दोन्ही वेळा त्यालाच गप्प बसवलं.

रविवारी सकाळी सगळी टोळी अहिवाऱ्याकडे चुन्याच्या दगडाच्या एका बंद खाणीत जमली. पाणी भरलेले खड्डे, पांढरा चिखल आणि चौदा सुखवस्तू माणसं, ज्यांना घरी स्वच्छ बाथरूम होतं. डॉक्टरने आग्रह केला म्हणून बहीणही आली होती. जीप पहिले दोन चढ मस्त चढली. टोळीतले लोक बहिणीजवळ येऊन आपापल्या गाड्यांची दुखणी सांगू लागले आणि ती मोबाईलवर लिहून घेऊ लागली. तिला अशी भराभर बोलताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होतो. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या चढावर गिअरबॉक्स रडायला लागला. आधी बारीक, मग मोठ्याने. मग गिअर आपोआप सुटला आणि जीप उलटी घसरत येऊन खड्ड्यात बसली. आम्ही ती ओढून काढली, मी खाली झोपून पाहिलं, क्लचच्या कव्हरमधून जळका वास येत होता. आतला शाफ्ट ज्या बुशमध्ये, म्हणजे पितळी कड्यात, फिरतो तो बुश त्याने खाऊन टाकला होता, हे मला न उघडताच कळलं. शाफ्ट मधोमध नव्हता.

डॉक्टरने विचारलं की नेमकं काय झालं. चौदा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी चिखलातून उठलो, हात पुसले आणि हिंदीत म्हणालो, "ड्रॉइंग ही गलत था तो मशीन क्या करेगी."

त्या क्षणी मला माझी पेन्सिल आठवली नव्हती असं लिहायचा मोह होतोय. आठवली होती. खाली झोपलेलो असतानाच आठवली होती. तोंड मात्र पुढे निघून गेलं आणि मी त्याला परत बोलावलं नाही. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि जाऊन गाडीत बसली. कोणी तिला काही बोललं नाही. त्यानंतरच्या दिवसांत कोणी तिच्याकडे आपली गाडी घेऊनही आलं नाही.

जीप उघडली तेव्हा मी प्लेट घरी नेली, कारण बाबांनी मागितली. त्यांनी ती दारापुढच्या ओट्यावर ठेवली, चष्मा लावला, व्हर्निअरने दोन्ही पिनांची अंतरं मोजली आणि ड्रॉइंग मागितलं. लाल आकडे पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं की निदान हा माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल, हा धर्म त्यांचाच होता.

"अबे, मीबी लय दुरुस्त्या केल्या," ते म्हणाले. "निम्म्या भंगारात गेल्या. पण तिथं भट्टी आपलीच होती. भंगार तिच्यात वितळून जाय, कोनाले दिसे नाही. तुह्याकडे भट्टी हाये का?"

तीस वर्षं ज्या माणसाच्या दुरुस्त्यांच्या गोष्टी ऐकून मी मोठा झालो, त्याने निम्म्या गोष्टी सांगितल्याच नव्हत्या. मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न पिता निघालो. राग कोणाचा कोणावर काढत होतो ते सुपेल्याचा चौक येईपर्यंत कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. बाहेर पेशंट बसलेले आणि त्याच्याकडे दुसरी खुर्ची नाही, म्हणून त्याने मला पेशंटच्याच खुर्चीत बसवलं. ती मागे कलंडली. वरचा दिवा डोळ्यांत, पाय वर, अशा अवस्थेत मी कबूल केलं की आकडे मी बदलले होते, ड्रॉइंग बरोबर होतं. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला की नवी प्लेट ड्रॉइंगप्रमाणे बनवा, बाकी चार गाड्यांचं कामही तुमच्या बहिणीलाच देऊ, आणि हेही म्हणाला की खालची एक दाढ काढावी लागेल.

मी हलका होऊन घरी आलो. छाती फुगवून बहिणीला सांगितलं की जाऊन सगळं सांगून आलो, काम तुझं पक्कं. ती भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही.

"तिथं एकट्यात सांगितलं," ती म्हणाली. "खानीत तं चौदा जनं होते."

मी म्हटलं, काम तर मिळालं ना.

"काम करीन मी. पन माह्यं ड्रॉइंग तुह्या मशीनवर नाही चढन. समोरच्याले खानीतून आल्यावरच विचारलं मी, तो हो म्हनला." समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा लेथवाला, ज्याच्या कामाला मी पंधरा वर्षं सगळ्यांसमोर हसत आलो होतो.

मी भडकलो. एका चुकीसाठी घरचं काम बाहेर नेते, लोक काय म्हणतील, मी तुला आणायला आलो नसतो तर, असं सगळं बोललो. शेवटचं वाक्य अर्ध्यातच थांबवलं, पण ते बाहेर पडलेलं होतं.

तेव्हा तिने वर पाहिलं. "दादा, चूक कोनाकडूनबी होते, त्याचा मले राग नाही. नागपूरले दूध उतू गेलं तं चूक माही, त्याहीची नौकरी गेली तं चूक माही. समद्याइसमोर माह्यं नाव घेत. तू आला मले न्याले तवा मले वाटलं, आता असं नाही होनार. अन् खानीत तूनं तेच केलं."

मला लाज वाटली, आणि ती खरी होती. बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनी पेपर तोंडापुढे धरला, तोही उलटा होता की काय कोण जाणे.

डॉक्टरची दुसरी प्लेट मात्र मीच कापली, ते माझं देणं होतं. प्रत्येक आकडा जसाच्या तसा घेतला. असमान भोकं पाडताना हात शिवशिवत होता, खोटं का बोलू. प्लेट बसली, बोल्ट बोटांनी गेले, गिअरबॉक्स एका धक्क्यात आत सरकला. कानस भिंतीवरून काढावी लागली नाही. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि ते पाहून मला जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी टोळी पुन्हा त्याच खाणीत जमली. बहीण आली नाही, खाणीचं नावही तिला नको होतं. जीप तिन्ही चढ चढून आली तेव्हा लोक माझी पाठ थोपटायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की मागच्या वेळी ड्रॉइंग बरोबर होतं, मी माझ्या हाताने बिघडवलं आणि वर तिच्या माथी मारलं. ऐकताना कोणी गंभीर झालं नाही. पोट धरून हसले. त्या दिवसापासून ही मंडळी मला पॉइंट सिक्स म्हणतात, कारण माझ्या दुरुस्तीने प्लेट तेवढेच मिलिमीटर सरकली होती. मला वाटलं होतं की चौदा जणांसमोर बोलताना काही तरी मोठं घडेल, पण जेमतेम अर्धं मिनिट लागलं. एवढ्यासाठी मी इतके दिवस स्वतःचाच जीव खाल्ला होता.

सोमवारी बहीण वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. डॉक्टरने तिला फोन केला होता. "ऐकलं मी," एवढंच ती म्हणाली. हातात गुंडाळलेली ड्रॉइंग होती. मला एक क्षण वाटलं की ती आत येईल, आणि मी घाईघाईने मशीनवरचा धातूचा कीस झाडायला लागलो.

ती आत आली नाही. रस्ता ओलांडायला थोडी थांबली, ट्रकांची गर्दी होती. म्हणाली, "दादा, तूबी चाल. त्याले सांग, आकडे बदलवू नको म्हनून. तुह्यं आयकन तो."

मी हात पुसले आणि तिच्यासोबत रस्ता ओलांडला. पंधरा वर्षांत त्या दुकानाची पायरी मी चढलो नव्हतो. त्याने मला पाहून मशीन बंद केलं, त्याच्याकडची दोन गिऱ्हाइकंही वळून पाहू लागली. मी म्हणालो की ही माझी बहीण, हिचे आकडे आहेत तसेच काप, मी बदलले होते आणि गिअरबॉक्स खाल्ला. तो हसला नाही, ड्रॉइंग हातात घेऊन त्याने तिलाच पहिला प्रश्न विचारला. ती सांगू लागली. माझं तिथलं काम संपलं होतं, तरी मी थोडा वेळ दाराशी उभा राहिलो.